सुकलाल आबांचा नॉर्मल रिपोर्ट

दिवाळी अंकासाठी लिहा, असा संपादकांचा फोन आला तेव्हा मी त्यांना विचारलं, "अंक वाचताना वाचकाच्या दुसऱ्या हातात काय असतं?" गृहस्थ प्रामाणिक. म्हणाले, "चकली." मग मी लिहायचं कबूल केलं. चकली खाणाऱ्याला तेलाविषयी सांगायचं, हेच तर मी नोकरीभर केलं. तेव्हा पगार मिळायचा, एवढाच फरक.

धुळ्यात एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी आहारतज्ज्ञ होते. दारावर तशी पाटी होती, पण पेशंट शिपायाला विचारायचे, "ते जेवण बंद करणाऱ्या बाई कुठे बसतात?" माझ्याकडे मुख्य काम होतं ते साठी ओलांडलेल्यांचं. गावोगावच्या ज्येष्ठ नागरिक संघांत जायचं, कोलेस्टेरॉल वाढू नये म्हणून काय खावं, काय टाळावं हे सांगायचं. टाळ्या पडायच्या. आभार मानले जायचे. आणि मग अध्यक्ष जाहीर करायचे, "सर्वांनी नाश्ता केल्याशिवाय जाऊ नये." नाश्त्याला कचोरी असायची. एका ठिकाणी तर मला ती आग्रहाने दोनदा वाढली, कारण मी "फार छान बोलले" होते.

बाहेरच्यांसाठी आमचा विषय थोडक्यात सांगते. कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ. तो विष नाही. शरीराला लागतो, म्हणून आपलं यकृतच तो तयार करतं. प्रमाणाबाहेर गेला की रक्ताच्या नळ्यांना आतून थर चढतो, जुन्या नळाला क्षार चढतो तसा. पंचाईत अशी, की हे होताना काही दुखत नाही, खुपत नाही, ताप येत नाही. ज्याचं काहीच दुखत नाही अशा माणसाला आम्ही सांगणार, की भाऊ, तळलेलं कमी करा, साय काढा, तूप मोजून घ्या. तोही असा माणूस, की नोकरी संपलेली, मुलं लांब, दात अर्धे, आणि मौज म्हणून उरलेली ही एकच. "ताई, आता राहिले किती दिवस? खाऊ द्या," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं, की ते आमच्या अभ्यासक्रमात असायला हवं होतं. त्याला उत्तर आहे. मरण दरवेळी सरळ येत नाही, कधी अर्धं अंग घेऊन थांबून राहतं. पण सत्काराच्या हारांसमोर हे बोलवत नाही.

त्यात आमचा खानदेश. भाजीवर तर्रीचा लाल थर तरंगला नाही, तर पाहुणा समजतो की आपलं येणं घरात आवडलेलं नाही. खिचडीवर वरून कच्चं तेल. भरिताला तेल सुटलं नाही तर ते भरीत नव्हे, वांग्याचा अपमान.

मी स्वतः बोदवडची. वडील रेल्वेत गँगमन. घरात आई फोडणी देताना तेलाची बुधली अशी तिरपी करायची, की थेंब निघतो न निघतो तोच पुन्हा सरळ. ज्वारीची भाकरी, पातळ डाळ, अंबाडीची भाजी. ते आमचं दारिद्र्य होतं. पुढे शिकले तेव्हा कळलं, त्याला संतुलित आहार म्हणतात आणि तो शिकवण्याचे पैसे मिळतात.

असो. मला सांगायची आहे ती गोष्ट पारसमल शेठ आणि सुकलाल आबा यांची.

पारसमल शेठ धुळ्यातले खाद्यतेलाचे मोठे व्यापारी. घराणं मूळचं राजस्थानचं, चार पिढ्या धुळ्यात. माणूस दानशूर, आणि आमच्या ट्रस्टवर सदस्य. ज्येष्ठांसाठी मोफत रक्ततपासणीचं शिबिर भरवायचं ठरलं, तेव्हा सगळा खर्च त्यांनी उचलला. शिबिराला येणाऱ्या प्रत्येकाला एक भेट द्यायची, हीसुद्धा त्यांचीच कल्पना. भेट म्हणजे त्यांच्याच दुकानातली तेलाची पिशवी. तीवर मोठ्या हिरव्या अक्षरांत छापलेलं, ‘कोलेस्टेरॉल शून्य’.

आता कुठल्याच झाडाच्या बियांच्या तेलात कोलेस्टेरॉल नसतं. ते प्राण्यांच्या शरीरात असतं. म्हणजे पिशवीवर जे छापलं होतं ते खोटं नव्हतं. पाण्याच्या बाटलीवर ‘यात हाडं नाहीत’ असं छापावं, तितकं ते खरं होतं. पण तेल प्रमाणाबाहेर पोटात गेलं, तळून, पुन्हा तापवून, पुन्हा तळून गेलं, तर पुढचं काम यकृत करतंच. हे मी शेठना भीत भीत सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही भाषणात सांगा ना. भाषण वेगळं, भेट वेगळी." लोकांनी माझं भाषण ऐकलं आणि तेलाच्या पिशव्या घेऊन गेले.

शिबिरात आपणही रक्त द्यावं म्हणून शेठनी बाही वर केली. फोटो निघाला. आठवड्याने रिपोर्ट वाटायला पुन्हा सगळे हॉलमध्ये जमले. डॉक्टर उत्साही. त्यांनी माईकवरून विचारलं, "सुकलाल आबा कोण?" मागून एक काटकुळे, काळेभोर, धोतर-टोपीतले म्हातारे उठले. चाळीसगाव रस्त्यावरच्या एका खेड्यातून आले होते. "आबा, या वयात असा रिपोर्ट मी क्वचित पाहतो. तरुणांना लाजवील!" टाळ्या झाल्या. आबा गोंधळून पुन्हा खाली बसले.

शेठचा रिपोर्ट माईकवरून कोणी सांगितला नाही. तो पाकिटात होता. दुसऱ्या दिवशी ते पाकीट घेऊन माझ्या केबिनमध्ये आले आणि दार लावून घेतलं.

"मॅडम, रिपोर्ट बदलला आहे."

"कुणाशी?"

"त्या आबांशी. विचारलं मी त्यांना. ते मटण खातात, अंडी खातात. आम्ही जन्मात अंडं हातात घेतलं नाही. कांदा-लसूणसुद्धा नाही आमच्याकडे."

"शेठ, कांद्या-लसणात कोलेस्टेरॉल नसतं."

"मग तर आणखीच अन्याय!"

नाशिकला जाऊन त्यांनी पुन्हा तपासणी करून घेतली. आकडे तेच आले. तेव्हा मात्र व्यापाऱ्याचं डोकं चाललं. ज्याचा माल चांगला, तो कुठून आणतो ते बघावं. म्हणाले, "मॅडम, हा माणूस खातो तरी काय? आपण जाऊन बघू."

आम्ही शेठच्या गाडीने आबांच्या गावी गेलो. मातीच्या भिंती, पुढे सिमेंटचा ओटा, दारात निंब. आबांची बायको, अक्का, आत चुलीपाशी. दोन्ही मुलं सुरतला साड्यांच्या कारखान्यात, आपापल्या बायका-पोरांसह तिकडेच. घरात हे दोघंच. शेठनी स्वतःची पाण्याची बाटली आणली होती. खाटेवर बसून त्यांनी चौकशी सुरू केली, जणू मालाचा भाव विचारताहेत.

"आबा, सकाळी काय खाता?"

"भाकर."

"दुपारी?"

"भाकर. संगे डाय, नहीतर भाजी."

"रात्री?"

"खिचडी."

शेठनी दम घेतला. "आणि ते... मटण?"

"बजारना दिन. मना वाटाले दोन बोट्या येतस. बाकी रस्सा."

शेठनी डोळे मिटले, उघडले. "शेत कुठे आहे?"

आबांनी नाल्यापलीकडे, टेकडीच्या अंगाला हात केला. सकाळी पायी जायचं, दुपारी यायचं, उन्हं कलली की पुन्हा जायचं. शेठनी विचारलं, "मोटारसायकल नाही घेतली?"

"कसाले? वावर काय पयी जाई ऱ्हायनं?" शेत काही पळून जात नव्हतं.

अक्कांनी मला बाजरीची भाकरी, मठाची, म्हणजे मटकीची, उसळ आणि ठेचा वाढला. उसळीत तेल कमी होतं, ते ज्ञानामुळे नव्हे. तेल शहरातून आणावं लागायचं म्हणून.

परतताना मी शेठना त्यांचा दिवस विचारला. ते गादीवर सकाळी बसतात ते संध्याकाळपर्यंत. ग्राहक आला की शेव-गाठींची बशी येते. "ग्राहकाला एकट्याला खायला कसं लावणार? ते बरं दिसतं का?" दिवसाला ग्राहक किती, हे मी विचारलं नाही. दुपारी जेवणात तूप. रविवारी दालबाटी, तीत बाटी तुपात बुडवलेली. सूर्यास्ताच्या आत जेवण, त्यात पुऱ्या. उपवास कडक करतात, पाणीसुद्धा उकळलेलं, पण पारण्याला पुन्हा तूप. चालणं म्हणजे गादीपासून गाडीपर्यंत. सांगता सांगता शेठ धुळ्याच्या वेशीपाशी म्हणाले, "मॅडम, पाप न करता माणूस बुडू शकतो म्हणा की."

मी त्यांना हेही सांगितलं, की हे सगळं हिशेबासारखं चोख नसतं. काहींचं शरीर जन्मतःच जास्त कोलेस्टेरॉल बनवतं, काहींचं कमी. आबांच्या वाट्याला नशीबही आलं असेल. पण नशीब मी शिकवू शकत नाही, भाकरी शिकवू शकते.

शेठ सुधारले. डॉक्टरांची गोळी सुरू झाली, ग्राहकासमोरची बशी गेली, तिथे भाजलेले फुटाणे आले. सकाळी मैदानावर फेऱ्या सुरू झाल्या. पहिले काही दिवस ड्रायव्हर गाडी घेऊन मागून हळूहळू यायचा, शेठ दमले तर असावी म्हणून. पुढे त्यांनी ड्रायव्हरला घरी बसवलं. बाजारात लोक म्हणायला लागले की शेठचा धंदा बसला, फुटाण्यांवर आले. शेठनी ते सहन केलं. सहा महिन्यांनी रिपोर्ट खाली आला, तेव्हा पेढे वाटावेत की नाही, यावर ते माझा सल्ला घ्यायला आले होते.

आणि इकडे मी सुकलाल आबांना शोधून काढल्याच्या आनंदात होते. आमच्या शिक्षणात नेहमी कमी पडतं ते जिवंत उदाहरण. फळ्यावर ताट काढून, त्याचे भाग पाडून दाखवलं तर लोक जांभया देतात. पण आपल्यासारखाच बोलणारा, आपल्यातलाच एक म्हातारा समोर उभा केला तर? ट्रस्टने मान्यता दिली. धुळ्यातल्या पहिल्या कार्यक्रमात आबा चार-पाचच वाक्यं बोलले. काय खातो, किती चालतो. माझ्या तासाभराच्या भाषणाचं काम त्या वाक्यांनी केलं. त्यांना शाल, श्रीफळ आणि ‘आदर्श ज्येष्ठ’ असं लिहिलेला बिल्ला मिळाला.

मग चाळीसगावचं बोलावणं आलं. मग जळगावचं. पहूरच्या संघाने तर कमानीवर आबांचा फोटो लावला. आबांना न्यायला गाडी यायची. गेल्यावर चहा, नाश्ता, कार्यक्रम, सत्कार, आणि मग जेवण. आदर्श ज्येष्ठ घरी जेवायला येणार म्हटल्यावर कोण उसळ-भाकरी करील? शेवभाजी, पातोडीची आमटी, वांग्याचं भरीत, वर जिलेबी. आबा कुणाचं मन मोडत नसत. मी शेजारी बसून डोळ्यांनी खुणा करायचे. यजमान मलाच म्हणायचे, "मॅडम, आज तरी त्यांना खाऊ द्या."

आबांना बोलण्याची गोडी लागली. आवाज खुलला, हात वर जायला लागला. आणि हळूहळू भाषणातली भाकरी मागे पडली. लोकांना कशावर टाळ्या वाजवायच्या आहेत, ते आबांनी माझ्याआधी ओळखलं. एका कार्यक्रमात ते म्हणाले, "मी मटण खास, मी अंडं खास, मी बठ्ठं खास. माले काही व्हत नही!" सगळं खातो आणि मला काही होत नाही! हॉल हसून लोटपोट झाला. तेव्हापासून ते वाक्य ठरून गेलं. ते आलं की टाळ्यांचा कडकडाट. त्यानंतर मी बोलायला उभी राहायचे, आणि लोक स्वयंपाकघराकडे बघायला लागायचे.

बोदवडच्या कार्यक्रमाची तर मला फार हौस. माझं गाव. वडिलांबरोबर काम केलेले एक काका पुढच्याच रांगेत. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पोरी, तू चांगलं बोलतेस. पण आबाच खरं सांगतात. तू उगाच लोकांना घाबरवतेस." मी ज्या गोष्टीचा प्रचार करायला निघाले होते, तिच्या बरोबर उलट प्रचार माझ्याच गाडीतून, माझ्याच शेजारी बसून फिरत होता.

मी आबांना पुन्हा रक्त तपासायला सांगितलं. एकदा नाही, भेटेन तेव्हा. एकदा मुद्दाम घरी गेले, तर आबांनी भिंतीकडे बोट केलं. रिपोर्ट फ्रेम करून लावला होता, आईवडिलांच्या फोटोशेजारी.

"रिपोर्ट त शे ना, ताई!"

"आबा, तो जुना झाला."

"जुना तोच चांगला ऱ्हास," आबा म्हणाले.

शेत आता निम्म्या बटाईने दिलं होतं. सत्कारातून वेळ मिळत नव्हता. टोपी तीच होती, पण सदऱ्याची बटणं ताणलेली. गावात आबांना भेटायला माणसं यायची, त्यांच्यासाठी चूल दिवसभर पेटलेली. अक्का चहा देताना माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या लाजऱ्या आहेत, असं मी मनाशी म्हटलं.

मग चाळीसगावला दुसरा कार्यक्रम झाला. हॉल वरच्या मजल्यावर. शेठही आले होते. आता तेही पाहुणे होते, पण सत्कार नाकारायचे. जिना चढताना आबा मध्येच थांबले, कठड्याला धरून उभे राहिले. "तंबाखू लागनी," म्हणाले. मला ते पटलं, कारण पटवून घेणं सोयीचं होतं. वर हॉलमध्ये लोक खोळंबले होते.

आबा माईकपाशी गेले. सुरुवात झाली. मग ते वाक्य आलं. "मी मटण खास, मी अंडं खास, मी बठ्ठं खास. माले काही व्हत..."

आणि थांबले.

लोकांना वाटलं, टाळ्यांसाठी थांबले. त्यांनी टाळ्या वाजवल्या. खूप वाजवल्या. आबांनी टेबल घट्ट धरलं होतं, कपाळावरून घाम टोपीखाली ओघळत होता. मी उठून धावेपर्यंत शेठ व्यासपीठावर पोचले होते. आबा हळूच, मला ऐकू जाईल एवढंच म्हणाले, "छातीवर कोनी तरी बठेल शे असं वाटी ऱ्हायनं."

टाळ्या अजून चालूच होत्या.

जवळच्याच एका डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, जिभेखाली गोळी दिली आणि सांगितलं, ताबडतोब धुळ्याला न्या. शेठची गाडी. आबा मागच्या सीटवर, माझ्या खांद्याला टेकून. वाटेत त्यांनी डोळे उघडले.

"ताई, जेवन राही गयं."

शेठ पुढच्या सीटवरून मागे वळले. हसण्यासारखं होतं ते. आम्ही कोणीच हसलो नाही.

धुळ्याला तपासणी झाली. हृदयाची एक नळी जवळजवळ बंद, दुसरी अर्धी. जाळी बसवावी लागली. वेळेवर पोचलो म्हणून माणूस हाती लागला, असं डॉक्टर म्हणाले. रक्ताचा रिपोर्ट आला. शेठचा पहिला रिपोर्ट त्यापुढे बरा म्हणावा असा. शेठनी तो हातात घेतला, चष्मा काढला, पुन्हा लावला. म्हणाले, "मॅडम, या वेळी खरंच कुणाशी बदललेला निघाला तर बरं होईल."

अक्का दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या कुणाच्या तरी जीपने आल्या. आतापर्यंत त्यांचा आवाज मी नीट ऐकला नव्हता. तो दवाखान्याच्या व्हरांड्यात ऐकला.

"तुम्ही नही उनात तवय हाऊ मानूस रोज वावरमा पायी जाये. आते गाडी येस, याले लई जास, खावाडी-पिवाडी आनी टाकस. शाल गुंडाई देतस. मी काय शालले चाटू?"

शेठ मान खाली घालून उभे. मीही. मी काय सांगणार होते? की आमचा उद्देश लोकशिक्षणाचा होता? तो तर बॅनरवर लिहिलेलाच होता.

थोड्या वेळाने अक्का भिंतीला टेकून बसल्या. आदल्या रात्रीपासून पोटात काही गेलं नव्हतं. आमच्या तपासणीला उपाशीपोटी रक्त लागतं. मी म्हटलं, "अक्का, तुम्ही उपाशीच आहात, तुमचंही रक्त देऊन टाका." त्यांनी हात झटकला. "माले काय धाड भरेल शे?" नर्सने समजावलं, तेव्हा एकदाचा हात पुढे केला.

अक्कांचा रिपोर्ट त्या तिघांत सर्वांत वाईट निघाला.

मी तो दोनदा वाचला. काटकुळी बाई, दिवसभर पायांवर. मंचावर कधी गेली नाही, जिलेबी कुणी वाढली नाही. वयानुसार बायकांचं कोलेस्टेरॉल पाळी गेल्यावर वाढतं, हे मला पाठ होतं. परीक्षेत मी ते लिहिलं होतं. पण इतक्या शिबिरांत, इतक्या संघांत मी कुणाला पुढे बसवलं? पुरुषांना. बायका मागे भिंतीशी असायच्या, नाहीतर कचोऱ्या तळत असायच्या. आबांच्या घरी मी कितीदा गेले, भाकरी जेवून आले, आबा काय खातात ते विचारलं. भाकरी थापणारी काय खाते, हे विचारलं नव्हतं.

महिन्याभराने दोघं तपासणीला आले. आबा उतरलेले, काठी हातात. त्यांना निमंत्रणं येणं बंद झालं होतं. आजारी माणसाचा सत्कार कोण करणार? दवाखान्यातल्या माझ्या आहाराच्या वर्गात त्या दिवशी पाच-सहा जोडपी होती. मी या वेळी सांगून टाकलं की बायका पुढच्या खुर्च्यांवर बसतील. थोडी कुरकुर झाली, पण बसल्या. मी बोलले. माणशी तेल किती, साय कशी काढायची, डाळी, पालेभाज्या, आणि गोळी बंद करायची नाही, कितीही बरं वाटलं तरी. काही शंका? पुरुषांनी नेहमीच्या विचारल्या. कोणतं तेल चांगलं, लसूण उपाशीपोटी खावी का.

अक्कांनी पदर सावरला.

"ताई, एक इचारू? उरस ते कोनी खावानं?"

मला आधी समजलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. पाहुणे आले की तर्रीची भाजी होते. पाहुणे जेवतात, आबा जेवतात. कढईत उरतं. टाकवत नाही. सकाळी तीच भाजी, तळाचं तेल भाकरीने पुसून, त्या खातात. पाहुणे नसले तरी उरतंच. रोज उरतं. पुढच्या रांगेतल्या सगळ्या बायका अक्कांकडे बघायला लागल्या, आणि मग एकदम माझ्याकडे. मागे बसलेल्या नवऱ्यांपैकी एकही हसला नाही.

इतकी वर्षं मी लोकांना ताटं आखून देत होते. ताटाबाहेर कढईत जे राहतं, ते माझ्या कुठल्याच तक्त्यात नव्हतं.

मी म्हटलं, "अक्का, कमी रांधा."

"कमी रांधं अन पाव्हना उना त?"

"घरात कढई केवढी आहे?"

त्यांनी दोन्ही हात फाकवून दाखवली. सासू-सासरे, दीर, दोन मुलं, मग सुना, नातवंडं असं भरलेलं घर होतं, तेव्हाची कढई. आता खाणारे दोघं. त्या कढईत कमी भाजी करायला गेलं तर करपते. म्हणून जास्त भाजी, आणि पाहुण्यांसाठी शहरातून तेल येऊ लागल्यापासून जास्त तेलही. यात अज्ञान कुठेच नव्हतं. कढई मोठी होती, एवढंच.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी प्रत्येक वर्गात पहिला प्रश्न तोच विचारला: घरात माणसं किती, आणि कढई केवढी? तेलाच्या चमच्यांवर मी आयुष्यभर जेवढं बोलले, त्यापेक्षा या एका प्रश्नाने अधिक काम झालं, असं मला वाटतं. सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही. आबांचं मात्र सांगता येतं. ते सावरले, गोळ्या घेतात. पारसमल शेठ रविवारी शेंगा घ्यायच्या निमित्ताने त्यांच्याकडे जातात आणि दोघं नाल्यापर्यंत चालून येतात. शेंगांच्या भावावरून भांडतात, असं ऐकते. पिशवीवरची हिरवी अक्षरं शेठनी तशीच ठेवली आहेत. "मॅडम, धंदा वेगळा, चालणं वेगळं."

त्या दिवशी वर्ग संपल्यावर अक्का दारात घुटमळल्या. "ताई, धुयामा कढई कोठे भेटी?" आबांना दवाखान्याच्या बाकावर बसवून मी त्यांना बाजारात भांड्यांच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने कढया मांडल्या. अक्कांनी एकेक उचलून बाजूला ठेवली आणि सगळ्यांत लहान होती ती घेतली. दुकानदार गमतीने म्हणाला, "अक्का, भातुकली मांडायची का?"

अक्कांनी कढईत तळहात ठेवून बोटं पसरली. तळ झाकला गेला.

"पोऱ्या सुरतले गयात तवयबी मोठीच कढई चढे," त्या म्हणाल्या. "वाटे, येतीन."

दुकानदाराने विचारलं, "कागदात बांधून देऊ?"

"नको. इतलीशी त शे," अक्का म्हणाल्या आणि ती तशीच हातात धरून आबा बसले होते तिकडे चालू लागल्या.